तंत्रविद्या हस्तांतरण

तंत्रविद्या हस्तांतरण : शासकीय खर्चाने चालणाऱ्या प्रयोगशाळेत सिद्ध झालेला शोध, प्रक्रिया, यंत्र किंवा पिकाचे वाण खाजगी उद्योगाच्या हाती देऊन त्यापासून बाजारात विकले जाईल असे उत्पादन सुरू करण्याच्या व्यवहारास तंत्रविद्या हस्तांतरण म्हणतात. एका देशाची तंत्रविद्या दुसऱ्या देशाने घेणे या अर्थानेही ही संज्ञा रूढ आहे. प्रस्तुत नोंदीत मात्र देशांतर्गत प्रयोगशाळा व उद्योग यांमधील व्यवहाराचाच विचार केला आहे. उदाहरण म्हणून वर्धा जिल्ह्यातील आर्वी परिसराचा कापूस-उद्योग विस्ताराने घेतला आहे. यंत्र, बी आणि टाकाऊ पदार्थाचा उपयोग अशा तीन निरनिराळ्या प्रकारच्या शोधांची वाटचाल तेथे एकाच पिकाभोवती पाहावयास मिळते व तिन्हींचे फळ वेगवेगळे आहे.

हस्तांतरणाचे स्वरूप : प्रयोगशाळेकडून उद्योगाकडे जाते ते केवळ कागदावरचे सूत्र नव्हे. एकस्व म्हणजेच पेटंट हा त्याचा कायदेशीर भाग असतो. त्याखेरीज यंत्रांची रेखाचित्रे, कच्च्या मालाची प्रमाणे, तापमान व दाब यांच्या मर्यादा, बिघाड कसा ओळखावा यासंबंधीची माहिती आणि पुष्कळदा कोठेही लिहून न ठेवलेले, संशोधकाच्या व त्याच्या मदतनिसाच्या हातात असलेले कसब हेही द्यावे लागते. या सर्वांस मिळून कृतिज्ञान म्हणतात. उद्योग त्याबद्दल एकरकमी शुल्क देतो किंवा विक्रीच्या प्रमाणात ठराविक मुदतीपर्यंत स्वामित्वशुल्क देतो. बहुधा दोन्हींचा मेळ घातलेला असतो.

परवाना एकाच उद्योगास द्यावा की मागेल त्यास द्यावा, हा या व्यवहारातील सर्वांत जुना वाद आहे. सार्वजनिक पैशातून निघालेला शोध सर्वांना सारखाच खुला असावा, हे तत्त्व म्हणून निर्विवाद वाटते. परंतु जे उत्पादन उद्या कोणीही करू शकेल, त्यासाठी आज पहिला धोका पत्करण्यास कारखानदार सहसा तयार होत नाही. म्हणून काही वर्षांपुरता एकाधिकार द्यावयाचा व त्या मुदतीत उत्पादन सुरू न केल्यास परवाना काढून घ्यावयाचा, ही मधली वाट अधिक व्यवहार्य ठरते.

खरी अडचण मात्र करारापूर्वीची असते. काचपात्रात शंभर ग्रॅम पदार्थावर यशस्वी झालेली प्रक्रिया शंभर किलोग्रॅमवर तशीच यशस्वी होईल याची शाश्वती नसते. आकारमान वाढते त्या प्रमाणात पृष्ठभाग वाढत नाही, त्यामुळे विक्रियेत निर्माण होणारी उष्णता बाहेर काढणे अवघड होते. ढवळणे सर्वत्र सारखे होत नाही. प्रयोगशाळेतील शुद्ध रसायनाऐवजी बाजारातील अशुद्ध माल वापरावा लागतो. या अडचणींचा उलगडा करण्यासाठी प्रायोगिक संयंत्र उभारावे लागते. त्याचा खर्च मूळ संशोधनाच्या कितीतरी पट असतो. प्रयोगशाळेच्या दृष्टीने संशोधन तोपर्यंत संपलेले असते, तर उद्योगाच्या दृष्टीने ते अजून सिद्धच झालेले नसते. या मधल्या टप्प्याचा खर्च कोणी करावयाचा, या प्रश्नाच्या उत्तरावरच बहुतेक शोधांचे भवितव्य ठरलेले आहे.

इतिहास : पेनिसिलिनाचा शोध व त्याचे औषधी गुण ब्रिटनमध्ये सिद्ध झाले, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाच्या पद्धती अमेरिकेत विकसित होऊन त्यांची एकस्वे तेथेच घेतली गेली. ही बाब ब्रिटिशांच्या मनाला लागून राहिली. १९४८ च्या कायद्यान्वये तेथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन विकास निगमामागे तिची प्रेरणा होती. सेफॅलोस्पोरीन या प्रतिजैविक औषधवर्गाच्या परवान्यांतून त्या निगमास पुढे मोठे उत्पन्न झाले. अमेरिकेत १९८० साली दोन कायदे संमत झाले. त्यांपैकी बे-डोल कायद्याने विद्यापीठे व लहान उद्योग यांना शासकीय अनुदानातून निघालेल्या शोधांची मालकी स्वतःकडे ठेवण्याची मुभा मिळाली, तर स्टीव्हन्सन-वायड्लर कायद्याने शासकीय प्रयोगशाळांवर हस्तांतरणाची जबाबदारी टाकली.

भारतात हा विचार त्याहून फारसा उशिरा आला नाही. १९४० मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळ स्थापन झाल्यावर लगेच पुढील वर्षी शांतिस्वरूप भटनागर (१८९४–१९५५) यांच्या आग्रहावरून औद्योगिक संशोधन उपयोजन समिती नेमण्यात आली. म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद (१९४२) जन्मास येण्यापूर्वीच तिच्या शोधांचे काय करावयाचे याची समिती अस्तित्वात होती! ब्रिटिश निगमाच्या धर्तीवर भारतातही १९५३ च्या अखेरीस राष्ट्रीय संशोधन विकास निगम स्थापन झाला. म्हशीच्या दुधापासून बालान्न तयार करण्याची म्हैसूरच्या अन्न तंत्रविद्या प्रयोगशाळेची प्रक्रिया आणंदच्या सहकारी दुग्धसंघाने घेतली, तर दुर्गापूरच्या यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील ट्रॅक्टरचा आराखडा पंजाबात ‘स्वराज’ या नावाने १९७४ मध्ये उत्पादनात आला. ही दोन नेहमी दिली जाणारी उदाहरणे आहेत. यांपैकी पहिला घेणारा सहकारी संघ होता व दुसरी राज्य शासनाच्या पुढाकाराने निघालेली कंपनी, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मधल्या टप्प्याचा धोका त्या काळी शुद्ध खाजगी भांडवलाने क्वचितच उचलला.

औषधनिर्मितीत हे चित्र पालटले ते १९७० च्या एकस्व अधिनियमामुळे. १९७२ पासून अमलात आलेल्या या कायद्याने औषधांच्या बाबतीत पदार्थास नव्हे, तर तो तयार करण्याच्या प्रक्रियेसच एकस्व मिळू लागले. परिणामी ज्ञात औषध नव्या मार्गाने बनविण्याची पद्धत ही एक विकाऊ वस्तू झाली आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (स्थापना १९५०) व हैदराबादची प्रयोगशाळा यांच्या दारी औषध कंपन्या येऊ लागल्या. सदाफुलीपासून मिळणारी व्हिंक्रिस्टीन व व्हिंब्लास्टीन ही कर्करोगावरील औषधे वेगळी करण्याची पुण्यातील पद्धत सिप्ला या मुंबईच्या कंपनीने घेतली. झिडोव्ह्यूडीन या एड्‌सवरील औषधाची पद्धत तिने १९९० नंतर हैदराबादहून घेतली. पुण्याच्याच प्रयोगशाळेने झायलीन या रसायनासाठी ‘एन्सिलाइट’ हा उत्प्रेरक विकसित केला. त्यावेळी प्रयोगशाळा, तो वापरणारा बडोद्याचा सरकारी पेट्रोरसायन उद्योग आणि तो बनविणारी एसीसी ही खाजगी कंपनी असे तिघे आरंभापासून एकत्र काम करीत होते. या पद्धतीत हस्तांतरण नावाचा वेगळा प्रसंग जवळजवळ उरतच नाही, आणि तेच तिच्या यशाचे कारण होय. औषधी पदार्थांना पुन्हा एकस्व देण्याची तरतूद २००५ मध्ये झाली.

१९८६ मध्ये आबिद हुसेन समितीने परिषदेच्या प्रयोगशाळांनी आपल्या खर्चाचा सुमारे एकतृतीयांश भाग बाहेरून मिळवावा अशी शिफारस केली. १९९६ साली स्थापन झालेल्या तंत्रविद्या विकास मंडळाने स्वदेशी शोधांच्या व्यापारी उपयोगासाठी उद्योगांना कर्जे व भागभांडवल देण्यास आरंभ केला. तंत्रविद्येच्या आयातीवर बसविलेला उपकर हा त्याचा आर्थिक आधार होता. हा उपकर २०१७ मध्ये रद्द झाला. बे-डोल कायद्याच्या धर्तीवरील एक विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, परंतु २०१४ मध्ये ते मागे घेण्यात आले.

आर्वी परिसरातील कापूस : आर्वी हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण कापसाची जुनी बाजारपेठ आहे. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा १८६२ मध्ये करण्यात आला, तोही येथील कापसाचे महत्त्व लक्षात घेऊन. पुलगाव–आर्वी हा सुमारे ३५ किमी. लांबीचा नॅरोगेज लोहमार्ग १९१७ साली मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठी सुरू झाला. आता त्यावर गाड्या धावत नाहीत. या मार्गाने गेलेल्या गासडीचा प्रयोगशाळेशी एक थेट संबंध होता. १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती नेमण्यात आली व १९२३ च्या अधिनियमाने कापसाच्या प्रत्येक गासडीवर उपकर बसविण्यात आला. त्या पैशातून १९२४ मध्ये मुंबईस माटुंगा येथे कापूस तंत्रविद्या प्रयोगशाळा उभी राहिली. ए. जे. टर्नर हे तिचे पहिले संचालक. १९६६ मध्ये समिती बरखास्त होऊन प्रयोगशाळा भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे आली व १९९१ पासून ती केंद्रीय कापूस तंत्रविद्या संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. शेतकरी व व्यापारी यांनी दिलेल्या उपकरातून निघालेली ही संस्था असल्याने तिचे शोध आर्वीसारख्या गावी परत पोहोचले की नाही, हा प्रश्न अस्थानी ठरू नये.

वेचलेल्या कापसातून सरकी वेगळी करणे म्हणजे जिनिंग होय. हे काम घरोघरी सलाई-पटरीवर किंवा हातरेच्यावर होत असे. त्याची जागा यंत्रांनी घेतली. अमेरिकेत दातेरी चकत्यांचे जिन प्रचलित झाले, तर भारतात १८४० मध्ये मॅकार्थी यांनी शोधलेल्या रूळ-जिनाचा प्रकार रुजला. त्यात चामड्याच्या चकत्या एका दांड्यावर घट्ट बसवून केलेला रूळ फिरतो, तंतू त्यास चिकटून स्थिर पात्याखाली ओढले जातात आणि हलते पाते सरकीस ठोकर देऊन बाजूस करते. दोन रूळ व त्यांच्यामध्ये एक हलते पाते अशी जोडणी केली की दुरूळ-जिन होते. हे यंत्र लांब तंतूस इजा करीत नाही; मात्र त्याची गती कमी असते. क्विंटलभर कापसापासून साधारणतः ३३ ते ३६ किग्रॅ. रुई मिळते व उरलेला बहुतेक भाग सरकीचा असतो.

जिनिंगमधील दोष यंत्रापुरते नव्हते. वर्धा जिल्ह्यात माघ-फाल्गुनापासून हवा इतकी कोरडी होते की, कापसातील ओलावा इष्ट अशा ६ ते ८ टक्क्यांच्या बराच खाली जातो. असा कापूस जिनमध्ये घातल्यास तंतू तुटतात. उघड्या मातीवर ढीग घातल्याने धूळ, पाचोळा, पोत्यांचे धागे व प्लॅस्टिकचे तुकडे रुईत मिसळतात आणि कापडास रंग देताना ते डाग म्हणून उठून दिसतात. पूर्वस्वच्छक, आर्द्रक, फरसबंदी व वाहकपट्टे हे यांवरचे उपाय. ते माटुंग्यास ठाऊक होते, प्रसिद्धही झालेले होते. तरीही विदर्भातील जिनांमध्ये ते अनेक वर्षे आले नाहीत.

याचे कारण कारखानदाराच्या अडाणीपणात शोधण्याची प्रथा आहे. ते योग्य नव्हे. १९७२-७३ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना अमलात आली. शेतकऱ्याचा सर्व कापूस राज्याच्या वतीने खरेदी होई व जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांकडून तो मजुरीवर प्रक्रिया करून घेतला जाई. मजुरी वजनावर होती. रुई कारखानदाराच्या मालकीची नसल्याने ती स्वच्छ निघाली तरी त्याला अधिक काही मिळत नसे, आणि अस्वच्छ निघाली तरी त्याचे जात नसे. अशा स्थितीत आर्द्रकावर पैसा घालणारा कारखानदार हा व्यवहारचतुर म्हणता आला नसता. शेतकऱ्यास हमी देणाऱ्या या योजनेचे मूल्यमापन येथे करावयाचे नाही. पण तंत्रविद्येस गिऱ्हाईक मिळू नये अशी रचना तिच्यात नकळत तयार झाली होती, हे नमूद करणे आवश्यक आहे.

पुढे दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी घडल्या. केंद्र शासनाने फेब्रुवारी २००० मध्ये कापूस तंत्रविद्या अभियान सुरू केले व त्याच्या चौथ्या उपअभियानातून जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणास भांडवली अनुदान मिळू लागले. २००२-०३ च्या हंगामापासून महाराष्ट्रात खाजगी खरेदीही सुरू झाली. कापूस विकत घेऊन रुई विकणारा कारखानदार स्वच्छतेची किंमत गासडीगणिक मोजू लागला. दुरूळ-जिन बनविण्याचे नागपूर हे देशातील एक प्रमुख केंद्र असल्यामुळे मागणी येताच पुरवठ्यासही वेळ लागला नाही. यंत्रनिर्माते आणि संस्था यांच्यामधील दुवा आधीच तयार होता : १९८५ साली संस्थेने नागपुरास जिनिंग प्रशिक्षण केंद्र काढले होते.

या केंद्राचे महत्त्व यंत्रांच्या आराखड्यांपेक्षा तेथे शिकलेल्या फिटरांत अधिक आहे. रूळास खाचा किती खोल पाडाव्यात, पाते रूळावर किती दाबून बसवावे, हलत्या पात्याचे अंतर सरकीच्या आकारानुसार कसे बदलावे, या गोष्टी पुस्तकात वाचून साधत नाहीत. नवे यंत्र जुन्या सवयीने लावले तर ते जुन्यासारखेच चालते. एकस्वाच्या करारात फिटरचा उल्लेख नसतो, परंतु जिनिंगच्या धंद्यात तंत्रविद्या प्रत्यक्ष पोहोचविणारा तोच होय.

एक शोध मात्र अजून वाटेतच आहे. क्रोमियमाने कमावलेल्या चामड्याच्या चकत्या झिजतात व त्यांची भुकटी रुईत आणि कामगाराच्या श्वासात जाते. त्याऐवजी रबराचे, किंवा रबर व सुती कापड यांच्या थरांचे रूळ वापरण्यासंबंधी संशोधन झाले आहे. चामडे स्वस्त व परिचित आहे आणि क्रोमियममुक्त रुईस बाजारात वेगळा भाव नाही. ज्याचे आरोग्य जाते तो यंत्राची खरेदी करीत नाही.

बियाणे : यंत्राच्या उलट कहाणी बियाण्यांची आहे. १९७० मध्ये सुरतच्या शासकीय केंद्रावर सी. टी. पटेल यांनी एच-४ हा व्यापारी लागवडीचा जगातील पहिला संकरित कापूस दिला. महाराष्ट्रात नांदेडच्या संशोधन केंद्राचा एनएचएच-४४ हा संकर कोरडवाहू जमिनीत तग धरणारा असल्यामुळे विदर्भातही मोठ्या प्रमाणावर पेरला गेला. संकराचे बी दरवर्षी नव्याने तयार करावे लागते. ते काम शासकीय महामंडळांबरोबर खाजगी कंपन्यांनीही उचलले. १९७० च्या अधिनियमात शेतीच्या पद्धतींस एकस्व नव्हते आणि वनस्पतींच्या वाणांवरील हक्कांचा कायदा २००१ पर्यंत झालेला नव्हता. म्हणून जनक वाण सार्वजनिक संस्थेने सोडले की त्यावर तिचा कायदेशीर हक्क उरत नसे. हस्तांतरण अतिशय सुलभ झाले, प्रसार वेगाने झाला आणि शेतकऱ्याचा लाभही झाला. संस्थेच्या पदरी मात्र पुढील संशोधनासाठी त्यातून काही पडले नाही.

मार्च २००२ मध्ये बोंडअळीस प्रतिकार करणाऱ्या बीटी कापसास मान्यता मिळाली, तेव्हा या उणिवेचा परिणाम दिसला. जनुकाचे हक्क खाजगी कंपनीकडे होते व ते तिने बियाणे कंपन्यांना शुल्क घेऊन दिले. २००६ पूर्वी ४५० ग्रॅमच्या एका पाकिटामागे हे शुल्क १,२५० रुपये होते. आंध्र प्रदेशाच्या तक्रारीनंतर राज्यांनी बियाण्याच्या किंमतींवर मर्यादा घातली. पुढे केंद्र शासनाने २०१६ मध्ये शुल्क ४९ रुपये ठरविले व २०२० मध्ये ते शून्यावर आणले. जनुक नसलेले सार्वजनिक संकर या काळात शेतातून जवळपास नाहीसे झाले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठासह बिकानेरी नरमा बीटी हे बी घरी राखता येणारे वाण २००९ मध्ये बाजारात आणले. पण त्यात खाजगी कंपनीच्या जनुकाचा अंश आढळल्याने त्याची विक्री थांबवावी लागली. एनएचएच-४४ मध्ये हे जनुक घालण्याचा करार परभणीच्या कृषी विद्यापीठाने अकोल्याच्या राज्य बियाणे महामंडळाशी केला, तोवर एक तप उलटून गेले होते.

पऱ्हाट्यांचा उपयोग : कापूस वेचून झाल्यावर शेतात हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाट्या उरतात. काही चुलीत जातात, पुष्कळशा बांधावर जाळल्या जातात. त्या तशाच उभ्या ठेवल्या तर गुलाबी बोंडअळीस पुढील हंगामापर्यंत आश्रय मिळतो, म्हणून त्या काढणे शेतकऱ्याच्या हिताचेच असते. पऱ्हाट्यांचे तुकडे करून, ते दळून व वाळवून त्यांस यूरिया-फॉर्माल्डिहाइड हे रेझीन लावावयाचे आणि तप्त दाबयंत्रात दाबून लाकडासारखी फळी बनवावयाची, ही पद्धत माटुंग्याच्या संस्थेने विकसित केली. संयुक्त राष्ट्रांच्या प्रयत्नातून निघालेल्या वस्तुविषयक सामायिक निधीच्या साहाय्याने २००४ नंतर नागपूरजवळ प्रात्यक्षिकासाठी संयंत्रही उभारण्यात आले. म्हणजे मधल्या टप्प्याचा खर्च येथे बाहेरून मिळाला होता आणि फळीच्या गुणवत्तेविषयी शंका उरली नव्हती.

अडचण गोळा करण्यात होती. पऱ्हाटी हलकी व फोफशी असते; मालमोटार वजनाने भरण्याआधी आकारमानाने भरते. शेते लहान, हंगाम दीड-दोन महिन्यांचा, आणि फळीचा कारखाना तर बारमाही चालला पाहिजे. शेतावर जिची किंमत जवळजवळ शून्य, ती पऱ्हाटी कारखान्याच्या दारी पोहोचेपर्यंत उपटण्याची, तुकडे करण्याची व वाहण्याची मजुरी मिळून महाग पडते. प्रयोगशाळेच्या अंदाजपत्रकात कच्चा माल दारी आलेला धरला जातो. आर्वीच्या शेतकऱ्यास तो प्रथम दारी न्यावा लागतो. त्यामुळे रेझीन व तप्त दाबयंत्र यांचे भांडवल लागणाऱ्या फळ्यांपेक्षा बाष्पित्रात जाळण्याच्या विटा व गोळ्या बनविणारे लहान उद्योग विदर्भात लवकर पसरले. यंत्र स्वस्त, रेझीनची गरज नाही, आणि कापूस संपल्यावर तुरीच्या तुऱ्हाट्या वा सोयाबीनचा भुसाही त्यात चालतो.

वर्धा परिसरात हस्तांतरणाचा आणखी एक प्रकार आढळतो, त्यात घेणारा कारखानदार नसून गावचा कारागीर असतो. दत्तपूर येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र हे देवेंद्रकुमार यांनी १९७० नंतरच्या दशकात याच हेतूने काढले : राष्ट्रीय प्रयोगशाळांतील उपयुक्त शोध निवडून ते खेड्यांत वापरता येतील असे बदलावयाचे व कुंभार-सुतारांना शिकवावयाचे. कुंभाराच्या चाकावर घडविलेल्या शंकूच्या आकाराच्या कवेलूंची कमानदार छपरे हे त्याचे परिचित काम आहे. जमनालाल बजाज केंद्रीय ग्रामोद्योग संशोधन संस्थेचे २००८ मध्ये महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत रूपांतर झाले. तीही वर्ध्यासच आहे. या प्रकारात स्वामित्वशुल्क नसते व परवानाही नसतो. मधल्या टप्प्याचा खर्च अनुदानातून भागतो आणि कृतिज्ञान कारागिराच्या हातात राहते.